अकरा नंबरची कुपी

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीसाठी वही शिवली तेव्हा थोडा कागद उरला, त्याची ही दुसरी वही. तिच्या वहीत तिला दाखवण्यासारखं लिहीन. हिच्यात खरं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. चांगली बँकेतली नोकरी सोडून दीड वर्षापासून अत्तरं करते. गुलाब, मोगरा तिच्या लेखी शाळकरी. ती माणसांची अत्तरं करते. एखाद्या माणसाच्या अंगाला काय काय वास असायचे ते आठवायचं आणि थेंबाथेंबाने तेलात उतरवायचं. कुपीवर नाव नसतं, नुसता नंबर. १ मार्चला तिचं पहिलं प्रदर्शन आहे. त्याआधी प्रत्येक तेल कुणीतरी दिवसभर अंगावर वागवून बघायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. वहीत रकाने आहेत: नंबर, लावल्याबरोबर, तासाभराने, संध्याकाळी. आणि शेवटचा रकाना, 'कोण?'. ते आपण ओळखायचं.

"ताई, तुझं नाक प्रामाणिक आहे," म्हणाली. लहानपणी घरात सगळे हिच्याच नाकाचं कौतुक करायचे. दूध नासणार हे हिला आदल्या दिवशी कळायचं. नाक तिचं आणि सर्दी माझी, अशी आमची वाटणी. आता चाळिशी उलटल्यावर माझ्या नाकाला प्रमाणपत्र मिळालं, तर मी हुरळून हो म्हणाले.

खरं तर मला वाटलं होतं, धंदा सुरू करताना ती मला बरोबर घेईल. तिने घेतलं औषधवालीला. ही बाई आधी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, दोघींची ओळख सारी दोन वर्षांची. कानामागून आली आणि तिखट झाली. मी सख्खी बहीण, आणि तिला माझं हवं काय, तर मनगट.

५ फेब्रुवारी, बुधवार

नंबर तीन लावून कारखान्यात गेले. मी बाइंडर आहे. वाचनालयांची फाटकी पुस्तकं पुन्हा शिवते, बांधते. कटिंग मशीनपाशी उभी होते आणि मनगट नाकाशी नेलं. आधी पेपरमिंट, मग घासलेलं पितळ, मग घड्याळात घालायच्या बारीक तेलाचा वास. हात तिथेच थांबला. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि खोकला येऊ नये म्हणून दिवसभर पेपरमिंट चघळायचे. दोऱ्याचा गुंडा शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले आणि रडून घेतलं.

तिच्या वहीत लिहिलं: 'कोण? बाबा. पितळ जरा जास्त.'

पितळ अजिबात जास्त नव्हतं. पण ती जन्मायच्या आधी नऊ वर्षं बाबा एकट्या माझे होते. त्यांना कुपीत भरायचा हक्क असलाच तर माझा. मला भरता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नंबर पाच फार आवडलं. धुतलेली काच, किंचित कापूर, आणि काकडी चिरल्यासारखं काहीतरी थंडगार. माझं चालणंच बदललं. मालकांनीसुद्धा विचारलं, "आज काय विशेष?"

संध्याकाळी नवरा घ्यायला आला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, सुटला की रोज येतो. आल्या आल्या मागे उभा राहतो, माझ्या केसांत आणि खांद्यांवर अडकलेले शिलाईचे दोरे वेचतो आणि मग "चल" म्हणतो. लग्नाला वीस वर्षं झाली, यात खंड नाही. आज मात्र जवळ आला आणि हात मागे घेतला.

"परक्या बाईबरोबर चालल्यासारखं वाटतंय," म्हणाला.

"मग मजा कर की," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं.

घरी येऊन वहीत लिहिलं: 'कोणीतरी शांत, हुशार, देखणी बाई.' मग राहवेना, म्हणून धाकटीला फोन करून वाचून दाखवलं. ती आनंदाने ओरडलीच. "बरोब्बर! अगं, माझी पार्टनर!"

साबणाने तीनदा मनगट धुतलं. दिवसभर मी औषधवालीला अंगावर मिरवत होते, आणि वर नवऱ्याला सांगितलं मजा कर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटी न सांगता कारखान्यात आली आणि दारातच डोळे मिटून उभी राहिली.

"किती वास आहे गं इथे!"

"कसला?" मी विचारलं. कागदाला कुठे वास असतो? अठरा वर्षं काम करते तिथे, मला कधी आला नाही.

ती खळीच्या पातेल्यात डोकावली. आम्ही पिठाची खळ शिजवतो आणि ती नासू नये म्हणून लवंगेचं तेल टाकतो, हे ऐकल्यावर म्हणाली, "किती थेंब?" मग दोरा मेणातून कसा ओढता, मेण कुठलं, कापडावर इस्त्री किती तापलेली फिरवता. इतक्या वर्षांत हिने माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मी अशी फुलले की मधल्या सुट्टीतला चहासुद्धा राहिला.

निघताना खरं काय ते बाहेर आलं. "ताई, तुझा जुना एप्रन देतेस?"

मालकांनी या महिन्यात नवा दिला, म्हणून अठरा वर्षांचा जुना खुंटीला टांगला होता. खळीने कडक झालेला, नुसता उभा केला तरी उभा राहील.

"कशाला?"

"लागतोय."

म्हणजे फरशी पुसायला. तिच्याकडे तेलं सांडतात. दिला. जाताना गळ्यात पडली आणि माझ्या कानामागे नाक खुपसून मोठा श्वास घेतला, मांजर घेतं तसा. काम झालं की हिला प्रेमाचं भरतं येतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकटीकडे जेवायला गेलो होतो. दहा कुपी तयार आहेत. एक आमची शेजारीण, दोन आई, तीन बाबा, चार तिची शाळेतली बाई, पाच कोण ते माहीत आहेच, आठ मावशी. सगळी मी ओळखली.

"अकरा अजून पिकतंय," ती म्हणाली. "सगळ्यात अवघड माणूस. तीन वेळा फेकून दिलं. पण प्रदर्शनात मधोमध अकराच ठेवणार."

"कोण आहे?"

"लावलंस की कळेल."

औषधवाली कपात बघून हसली. तिला माहीत आहे. कुणीतरी नवीन माणूस भेटलेला दिसतोय धाकटीला, आणि ते औषधवालीला सांगितलं, मला नाही. लहानपणी हिच्या परीक्षेतले मार्कसुद्धा आईच्या आधी मला कळायचे.

येताना वाटेत एक गोष्ट लक्षात आली, ती नवऱ्याला सांगितली नाही. दहा माणसांत शेजारीण आहे, शाळेतली बाई आहे. मी नाही. मी विचारणार नाही. मागून घेतलेला मान काय कामाचा? पण बोचतंय, आणि चांगलंच बोचतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अकरा मिळालं. छोट्या कुपीत, माझ्यासाठी वेगळं काढून. धाकटी स्वतः देऊन गेली.

लावलं. काही नाही. दुसऱ्या मनगटावर लावलं, कोपरावर लावलं, रुमालावर टाकलं. नुसतं तेल. तासाभराने तेल. संध्याकाळी तेल. खळ शिजवणाऱ्या काकांना हुंगायला दिलं, ते म्हणाले, "पोरी, यात काय आहे? काहीच नाही." नवरा आला, नेहमीसारखे दोरे वेचले, "चल" म्हणाला.

"मी काही लावलंय असं वाटतंय का?"

त्याने मान खाली करून वास घेतला. "नाही. तुझाच येतोय, रोजच्यासारखा."

याचं नाक चष्मा टेकवण्यापुरतं आहे, हे मला माहीत आहे, पण काकांचं काय?

वहीत लिहिलं: 'अकरा. लावल्याबरोबर: काही नाही. तासाभराने: काही नाही. संध्याकाळी: काही नाही. कोण? कोणी नाही. नुसतं तेल.' फोनवर तिला तसंच सांगितलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "काहीच नाही? ताई, नीट बघ ना." आणि मागून औषधवालीचं हसणं ऐकू आलं.

आता कळलं. माझी परीक्षा चालली होती. साधं तेल द्यायचं आणि ताई काय काय थापा मारते ते बघायचं. मी मारल्या नाहीत, म्हणून दोघींची पंचाईत झाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हात चालत नाही, तरी लिहिते.

धाकटीकडे लेबलं चिकटवायला गेले होते. खळसुद्धा मीच नेली. तिच्या मागच्या खोलीत लांब टेबल आहे, बेसिन आहे, सगळी तेलं तिथे. औषधवाली टेबलाशी पाठमोरी बसून कुपी भरत होती. मी कपाटाआड खोकी मांडून लेबलं लावत होते. साडेपाचला नवरा घ्यायला आला. बाहेर अवेळी धुकं उतरलं होतं, चष्मा ओला झाला होता, तो सदऱ्याला पुसत पुसत आत शिरला. आणि सरळ औषधवालीच्या मागे जाऊन उभा राहिला. तिच्या केसांत बोटं घातली, दोरा शोधल्यासारखी, आणि म्हणाला, "चल, राहिलेलं उद्या कर."

माझ्याशी बोलतो त्या आवाजात.

ती वळली. याने चष्मा लावला आणि पार ओशाळला. "माफ करा. मला वाटलं... मला अगदी..."

आणि धाकटी? ती टाळ्या पिटत नाचायला लागली. "जमलं! अगं, जमलं! भावोजी, तुम्हाला सोन्याच्या काड्यांचा चष्मा करून देते!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. औषधवालीही मान चोळत हसायला लागली. "सकाळपासून अकरा लावून बसले होते, त्याचा गुण," म्हणाली.

माझा संसार चव्हाट्यावर आला आणि माझी सख्खी बहीण टाळ्या वाजवत होती. मला तिथल्या तिथे सगळा उलगडा झाला. अकरा बायकांना येतच नाही. ते पुरुषांना ओढायचं तेल आहे, आणि प्रयोगाला माझा नवरा धरला!

ती सगळी चहाला बाहेरच्या खोलीत गेली. टेबलावर अकराची मोठी बाटली होती. मी ती बेसिनमध्ये उपडी केली. तेल पाण्याने जाईना, तेव्हा साबण घातला, हातांनी घासलं. मला लाज वाटत नव्हती. आता वाटते का, तेही नक्की सांगता येत नाही.

धाकटी मला बोलवायला आली आणि दारात थांबली.

"ताई, ते सगळंच होतं. दुसरं नाहीये."

"नुसतं तेल तर होतं. कर परत."

"परत नाही होणार. ज्यातून काढलं, ते संपलं." मग जवळ आली. "तुला खरंच कळलं नाही, ते कोण आहे?"

"मला जाणूनही घ्यायचं नाही."

"मग मी सांगणारही नाही."

बेसिनच्या कडेला तेलाचा ओघळ राहिला होता. तो तिने बोटाने टिपला, नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

वाटेत नवरा सारखं एकच म्हणत होता, "मला तूच वाटलीस."

"ती माझ्याहून वीतभर उंच आहे."

"बसलेली होती गं."

"तिचे केस आखूड आहेत."

"चष्मा नव्हता मला."

"चष्म्याच्या दुकानात काम करतोस आणि बायको ओळखता येत नाही!"

"अगं, वास..."

"वासाचं नाव काढू नकोस," मी म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज त्याला दोरे वेचू दिले नाहीत. स्वतःच झटकले.

१ मार्च, शनिवार

प्रदर्शनाला गेले नाही. नवरा माझ्याशी भांडून गेला. आल्यावर मी विचारलं नाही, तरी सांगत बसला. गर्दी चांगली होती. बाबांच्या कुपीपाशी एक म्हातारे गृहस्थ अर्धा तास उभे होते. मधोमध अकराची कुपी होती, रिकामी.

"रिकामी कशाला ठेवायची?"

"ते तिला विचार. लोक बूच काढून हुंगत होते. म्हणत होते, आत थोडं काहीतरी आहे."

"आणि ती?"

"कोण, औषधवाली? ती मला बघून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. बिचारी." मग म्हणाला, "धाकटीने तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही."

खुर्ची ठेवणं सोपं असतं, असं मी म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

४ मार्च, मंगळवार

मावशी पायरीवरून घसरली, पाय मोडला. धाकटीचं नुकतंच प्रदर्शन झालेलं, तिच्यामागे ऑर्डरी. मोठी म्हणून मीच आले. खरं सांगायचं तर सुटका झाली. पिशवी भरताना अकराची छोटी कुपी हाताला लागली. फेकणार होते. कपाटाच्या खणात टाकली.

मावशी आतल्या खोलीत पलंगावर होती. मी चपला काढतेय तोवर ओरडली, "आलीस का गं?"

"तुला कसं कळलं मीच?"

"वास आला की तुझा."

सकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून निघाले होते. दुखण्यातल्या माणसाला काय बोलायचं, म्हणून गप्प बसले.

१४ मार्च, शुक्रवार

मावशीच्या घरात मलमाचा, फिनेलचा आणि जुन्या ट्रंकेचा वास आहे. पहिले दोन दिवस डोकं दुखलं, आता येतही नाही. आज तिची वेणी घालत होते तर म्हणाली, "आता तुझ्या अंगाला माझ्या घराचा वास यायला लागला. आधीचा बरा होता."

धाकटी रोज मावशीला फोन करते. मावशी फोन माझ्याकडे देऊ करते, मी हाताने नको म्हणते. काल मावशीने फोन ठेवल्यावर सुनावलं, "तुमच्या दोघींच्या मध्ये आहे तरी कोण?" मी म्हटलं, अकरा नंबर. तिला वाटलं, मला ताप चढला.

२० मार्च, गुरुवार

सगळं नीट, क्रमाने लिहिते.

दुपारी घरी पोचले. नवरा दुकानात होता. कुलूप काढलं आणि दारातच थांबले. घरात बाईचा वास होता.

अत्तराचा नव्हे. माणसाचा. पीठ शिजल्यासारखा उबदार, वर काहीतरी तिखट. सोळा दिवस मी नव्हते, आणि याने... "कोण आहे?" मी हाक मारली. आवाज नाही. पिशवी हातात घेऊनच शोधायला लागले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दारांच्या मागे. पलंगापाशी वास वाढला. माझ्या बाजूच्या उशीला तर भरपूर. म्हणजे माझ्या उशीवर! तिथून वासाचा माग काढत कपाटापर्यंत गेले, दार ताडकन उघडलं, आणि सगळ्यात जास्त वास तिथे होता.

आत माझेच कपडे होते. दाराच्या आतल्या खिळ्याला नवा एप्रन.

एप्रन तोंडाशी धरला. खळ. लवंग. मेण. तापलेली इस्त्री. किती थेंब, म्हणून धाकटीने विचारलं होतं.

मग खण उघडून अकराची कुपी काढली. बूच दातांनी ओढून काढलं. मनगटावर नको, मनगटाला मावशीचं मलम होतं. नुसती नाकाशी धरली.

तीच बाई होती. पण कपाटातल्यापेक्षा जुनी, खोल. शिजलेली खळ, लवंग, मेणातून ओढलेला दोरा, जुना कागद, खोबरेल, आणि सगळ्यांच्या खाली घाम, पण वाईट नाही, कुणी खूप वेळ काम करून आता जवळ बसल्यासारखा. मला ती बाई आवडली. एक क्षणभर तिचा हेवासुद्धा वाटला, हे लिहिलंच पाहिजे. वाटलं, हिच्यावर कुणाचं तरी फार प्रेम आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अठरा वर्षांचा एप्रन मी फरशी पुसायला म्हणून दिला होता. आणि नवऱ्याला मी इतके दिवस मनात कसलं कसलं बोलले. तो तर चष्म्याशिवाय, धुक्यातून, वासावर माझ्याकडेच आला होता.

पंधरा मिनिटांनी घराचा वास येईनासा झाला. कुपीतलाही पुसट व्हायला लागला. तो पुरता जायच्या आत धाकटीची वही काढली. 'कोणी नाही. नुसतं तेल' यावर काट मारली आणि 'कोण?' खाली लिहिलं: 'मी. पण इतकी चांगली नाही.'

संध्याकाळी नवरा आला. मी पाठ करून उभी राहिले. तो थोडा वेळ घुटमळला. मग केसांत हात घालून म्हणाला, "एकही दोरा नाही गं."

२१ मार्च, शुक्रवार

कारखान्यातून परस्पर धाकटीकडे गेले. दार औषधवालीने उघडलं. मला बघून बाजूला झाली, मीही तिला "बरी आहेस ना?" विचारलं. एवढं पुष्कळ. तिच्या मानेवर दिवसभर मी होते, हे मला अजून सहन होत नाही. आधी नवऱ्यामुळे होत नव्हतं, आता माझ्यामुळे होत नाही.

धाकटी टेबलाशी होती. वही उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने वाचलं. पेन्सिल घेऊन 'पण इतकी चांगली नाही' एवढंच खोडलं. मग नाक पुसलं, आणि ज्या नाकाचं एवढं कौतुक, ते चांगलं लालभडक झालं होतं.

"मला वाटलं, तू वास घेशील आणि हसशील," म्हणाली. "तुलाच तो येणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दूध नासलेलं कळतं मला, आणि हे कळलं नाही."

"सांगितलं का नाहीस मग?"

"ओतून टाकलंस ना. राग आला होता. तुला काय वाटतं, तुझ्या एकटीलाच येतो?"

मी उरलेली कुपी तिच्यापुढे ठेवली. तळाशी सात-आठ थेंब असतील. तिने ती माझ्याकडे परत सरकवली.

"एवढ्यावरून होईल का पुन्हा?"

"नाही. जुना एप्रन होता म्हणून झालं. आता कुठून आणू?"

पिशवीत नवा एप्रन होता, धुवायला आणलेला. तो काढून दिला. तिने कडेपासून कडेपर्यंत नीट हुंगला. औषधवाली दारात उभी राहून बघत होती.

"किती दिवसांचा?"

"दीड महिना. त्यातले सोळा दिवस मी मावशीकडे."

"कच्चा आहे," धाकटी म्हणाली आणि घडी करून माझ्या हातात दिला. "रोज घाल. धुऊ नकोस. अठरा वर्षांनी बघू."

"तोवर तू मला कुठल्या कामाला ठेवणार आहेस?"

"तोवर लेबलं लाव. पन्नास राहिलीत. आणि खळ तुझीच आण, बाजारच्या गोंदाने माझं नाक चोंदतं."

औषधवालीने खुर्ची पुढे केली. मी बसले. पन्नास लेबलं लावली, त्यातली दोन तिरकी गेली.

नवरा घ्यायला आला तेव्हा चष्मा नाकावर नीट होता. तरी आधी दारात थांबला, आम्हा तिघींकडे एकेकीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे आला. आज दोरे होते.

घरी येताना एप्रन पिशवीत टाकला नाही. चांगल्या कपड्यांवर तसाच घातला, मागे गाठ मारली. रस्त्यात लोक वळून बघत होते. बघू देत. अजून सतरा वर्षं आणि साडेदहा महिने आहेत.